मोहावेतली ग्रॅव्हल राइड: किलोमीटर मागाहून, पाणी आधी

प्रेषक: सहल समिती
विषय: नोव्हेंबरची मोहावे राइड

सर्वांना नमस्कार,

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटातला मोहावे रोड सायकलने करायचं जवळपास ठरलंय. कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेकडे जाणारी सुमारे २२० किलोमीटरची ही जुनी वाट. तीन दिवस, दोन मुक्काम असा विचार आहे. नागपूरची मंडळीही दिवाळी करून येतील. काका, तुम्ही सध्या तिथेच आहात आणि त्यांचा सराव घेताय, तर मार्गाबद्दल तुमचं मत इथेच लिहा. सगळ्यांच्या वाचनात येईल.

---

प्रेषक: काका, मुक्काम धरमपेठ, नागपूर
विषय: उत्तर: नोव्हेंबरची मोहावे राइड

ताई आणि मंडळी,

स्पष्टच सांगतो, ग्रॅव्हल बाइकवर, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीच्या सायकलवर, अख्खा मोहावे रोड धरू नका. तिकडे राहत असताना मी तो जीपने केला आहे. पश्चिमेकडे सोडा लेकच्या पुढे वाळू इतकी मऊ आहे की साधं टायर रुतणारच. सोडा लेक एरवी कोरडं असतं, पण पाऊस पडून गेला की त्याचा चिखल होतो आणि मग तिथून जाता येत नाही. खूप रुंद टायरची फॅट बाइक असेल तर गोष्ट वेगळी.

मधला भाग मात्र फार सुंदर आहे. लॅनफेअर व्हॅलीतून निघायचं, सीडर कॅन्यन रोडने चढायचं आणि मार्ल स्प्रिंग्जवरून केलबेकर रोडला उतरायचं. जोशुआची झाडं, दूरवर डोंगर आणि गाड्यांची वर्दळ जवळपास नाहीच. मुख्य म्हणजे ही वाट मध्येच केल्सो-सीमा रोड ओलांडते. सोबतची गाडी तिथे पाणी घेऊन उभी राहू शकते.

पाण्याचंच जरा सविस्तर लिहितो. ही वाट ज्यातून जाते त्या मोहावे नॅशनल प्रिझर्व्हमध्ये (संरक्षित क्षेत्रात) पेट्रोल पंप नाही आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. झऱ्यांवर भिस्त ठेवू नका. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी ठेवा असं तिथलं पार्क खातंच सांगतं. दिवसभर पायडल मारणाऱ्याने सहा लिटर धरावं, म्हणजे सहा किलो वजन झालं. ते सगळं पाठीवर घेतलं की दुपारपर्यंत कंबर धरते. फ्रेमच्या पिशवीत आणि पुढच्या चाकाच्या फोर्कच्या दोन्ही बाजूंना वाटून घ्या. रस्ता जागोजागी नालीदार पत्र्यासारखा आहे, त्यावर बाटल्या पिंजऱ्यातून उडतात. पट्ट्याने आवळून बांधा.

आमच्या पोरांचं म्हणणं, "काका, आम्ही नागपूरचे, आम्हाला ऊन काय सांगता!" २०१३च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश झालं होतं हे खरं. पण त्या उन्हात शहाणा नागपूरकर दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि पडलाच तर डोक्याला दुपट्टा बांधून, पन्हं पिऊन. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही. परवा काटोलकडून परत येताना मी एका मुलाला हेल्मेटचा पट्टा काढून दाखवला. त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती, आणि तो म्हणत होता की घाम आलाच नाही. नोव्हेंबरच्या थंड वाऱ्यात तर तहान लागल्याचंही कळत नाही. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, रक्तातलं मीठ उतरतं. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, हे माप सगळ्यांनी पाठ करा.

इथला सराव कळमेश्वर-काटोलकडच्या पांदण रस्त्यांवर चाललाय. तिथले सराटे टायरमध्ये घुसतात तेव्हा मला बरंच वाटतं, कारण हेच गोखरू अमेरिकेच्या वाळवंटी भागातही पसरलंय. टायर ४५ ते ५० मिलिमीटर, ट्यूबलेस, आत ताजं सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव). काटा उपटला की छिद्र खाली येईल असं चाक फिरवायचं आणि थोडं थांबायचं. नव्या मुलांना हे थांबणंच जमत नाही.

सीडर कॅन्यनचा भाग दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्री पाणी गोठू शकतं. सूर्यही पावणेपाचच्या आत मावळतो, तेव्हा साडेतीनला जिथे असाल तिथून मुक्काम शोधायला लागा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू नको, पाऊस दूर पडला तरी लोंढा तिथे येतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाने तिथल्या रस्त्यांचं मोठं नुकसान केलं होतं. निघण्याच्या आठवड्यात कोणते रस्ते चालू आहेत ते पाहूनच निघा.

---

प्रेषक: सहल समिती
विषय: उत्तर: उत्तर: नोव्हेंबरची मोहावे राइड

काका, मनापासून आभार. मार्ग बदलला: लॅनफेअर ते केलबेकर, दोन दिवस, एक मुक्काम. रेंज नसताना निरोप पाठवायला सॅटेलाइट मेसेंजर आपलं मंडळ भाड्याने घेईल. उंच चाकांची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हवी आहे आणि ती चालवायला असा कोणी, जो दोन्ही दिवस सायकलला हात लावणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी रविवारपर्यंत कळवा. गाडी ठरल्याशिवाय नागपूरकरांनी सायकलींचे खोके बुक करू नयेत.