उत्तर: 'वरिष्ठ सदस्य' म्हणजे नक्की काय?
वर विचारलंय की दोन ओळी धड न लिहिणारा 'वरिष्ठ सदस्य' कसा झाला, तर अहो बऱ्याच फोरमवर (ऑनलाइन चर्चेच्या साईटवर) सॉफ्टवेअर नुसत्या पोस्टी मोजतं, 'छान', '+१' असं हजारदा टाकत बसलं तरी किताब आपोआप चढतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साईटवर (२००८ पासून) तसं नाही, तिथं उत्तराला अपव्होट (पसंतीचं मत) मिळाला की १० गुण, विचारणाऱ्याने स्वीकारलं की १५, आणि २००० झाले की दुसऱ्याचं लिखाण थेट दुरुस्त करता येतं. आम्हा बडोदेकरांना अशा किताबांचं नि आकड्यांचं नवल नाही म्हणा, संस्थानी काळात गायकवाड सरकार 'सेनाखासखेल समशेर बहादूर', वर २१ तोफांची सलामी, इंदूरच्या होळकरांना १९ (स्वतःच्या हद्दीत मात्र २१!). मॉडरेटर (फोरमवरच्या चर्चेवर देखरेख ठेवणारा) हा तेवढा किताब नव्हे हं, निव्वळ हमाली, मी दोन वर्षं केलीय.