मदत हवी आहे: रक्तात शिसं जास्त आलंय, अळिंबीची पावडर किती द्यायची?

शेवटचा_डबा: घाईत लिहितोय. दादाचं शिसं ३८ आलंय. अळिंबीने जड धातू निघून जातात असं वाचलं, पावडर आणलीय. रोज किती चमचे? जेवणाआधी की नंतर? तेवढंच सांगा, प्रवचन नको.

पानगळ: ३८ काय? एकक? वय? काम काय करतात? मुळात तपासणी कशासाठी केली?

रानमेवा: पावडर कशाला, ताजी धिंगरी अळिंबी द्या. मी पाच वर्षं खातोय, ठणठणीत आहे. अर्गोथायोनीन, ग्लुटाथायोन, सेलेनियम, पेशींना इजेपासून जपणारं सगळं असतं तिच्यात. उंदरांवरच्या प्रयोगांत शिशामुळे होणारी इजा कमी झालेली दिसलीय.

काटेकोर: दादा उंदीर आहेत का? इजा कमी होणं वेगळं, शिसं बाहेर पडणं वेगळं. उलट अळिंबीच धातू शोषून घेते. अगॅरिकस जातीच्या काही रानअळिंबींत कॅडमियम साठतं, बोलेटस जातीच्या अळिंबींत पारा. त्या पावडरीची धातूंसाठी तपासणी झालीय का?

रानमेवा: रानातली आणि लागवडीची एकाच मापाने मोजू नका. धिंगरी स्वच्छ काडावर वाढते.

काटेकोर: काड स्वच्छ आहे हे कोणी तपासलं?

ढगोबा: चांदीचा चमचा काळा पडला तर अळिंबी विषारी, हे साफ खोटं आहे बरं का. त्यावर विसंबाल तर जिवाशी गाठ.

पानगळ: ढगोबा, हे कोणी विचारलं?

ढगोबा: सांगून ठेवलं. रानमेवा, धिंगरीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, फ्रिजमध्ये किती दिवस टिकतं?

शेवटचा_डबा: मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. वय ४१. पोट सारखं दुखायचं म्हणून तपासलं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात तिथे असतो, पण कामाचा इथे काय संबंध? चमच्यांचं सांगा ना कोणीतरी!

पानगळ: अहो, सगळा संबंध तिथेच आहे! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार ५ आलं तरी शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. मी जुना रंग खरवडायचो, माझं २९ होतं. ते काम सोडलं, चार महिन्यांत १४. रक्तातलं तसं लवकर उतरतं, हाडांत मुरलेलं वर्षानुवर्षं राहतं. शिसं काढायची औषधं असतात, पण ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. धुरात उभं राहून ती घेणं तर धोक्याचंच. लोह आणि कॅल्शियम तपासून घ्या, ते कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. कामाचे कपडे तिथेच बदलायचे. घरात लहान मूल आहे?

रानमेवा: भाजी म्हणून धिंगरी खाल्ली तर काय बिघडतं पण?

काटेकोर: भाजीला कोण नको म्हणतंय!

शेवटचा_डबा: पुतणी आहे, तीन वर्षांची. दादा आला की त्याच कपड्यांत आधी तिला उचलतो. तिची कुठली तपासणी करायची?

पानगळ: हीच, रक्तातल्या शिशाची. रक्त शिरेतून घ्यायला सांगा, बोटातून घेतलं तर कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगतो. उद्याच न्या.