गोंगाट फक्त गिऱ्हाइकांमुळे नाही

‘लोकांना हळू बोलायचं भान नसतं, म्हणून कॅफेत गोंगाट होतो’ हे मत मला अर्धंच पटतं. भोवती आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. एक टेबल चढलं की शेजारचंही चढतं. त्यात उघडी फरशी, मोठाल्या काचा, एकही पडदा नाही, मग आवाज जिरणार कुठे?

माझ्या आईला श्रवणयंत्र आहे. गर्दीकडे पाठ आणि समोर आम्ही, असं बसवलं की तिला बरंच ऐकू येतं, कारण बऱ्याच यंत्रांचे माइक समोरचा आवाज जास्त टिपतात. पूर्वी तिला सगळं दिसावं म्हणून आम्ही नेमकं उलटं बसवायचो, आणि ती जेवण होईपर्यंत गप्प असायची.