'सत्तर टक्के प्राणी' म्हणजे नेमकं काय? अँथ्रो, फेरल आणि कोल्ह्याची टाच

रेघोट्या:
फरी चित्रांतली, म्हणजे माणसाचे गुण असलेल्या प्राणीपात्रांची, उतरंड साधारण अशी: अंगाने पूर्ण प्राणी तो फेरल, मुस्कट-शेपूट राखून दोन पायांवर उभा तो अँथ्रो, आणि माणसालाच नुसते कान-शेपूट लावले की केमोनोमिमी. यावर लोक टक्केवारी लावतात, 'सत्तर टक्के प्राणी हवा'. ती बंद व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या महिन्यात 'अँथ्रो कोल्हा' अशी ऑर्डर होती. मी पाऊल सपाट टेकवून उभा काढला, रंगवून पाठवला. त्यांना चवड्यावर उभा हवा होता. कंबरेखालचं सगळं पुन्हा काढलं. टाच वर गेली की पाऊल लांबतं, नडगी आखूड होते, गुडघा पुढे येतो, मग तोल सांभाळायला शेपटीचं वळणही बदलतं. लोक ज्याला कुत्र्या-कोल्ह्याचा 'उलटा गुडघा' म्हणतात ती टाचच असते. म्हणून ऑर्डरच्या अर्जात पाय, हात, मुस्कट वेगवेगळं विचारून घ्या.

पाणकावळा:
असहमत. गूफी आणि प्लूटो, दोघेही डिस्नेचे कुत्रेच. गूफी कपडे घालतो, बोलतो, प्लूटो मिकीचा पाळीव. हा फरक टाच मोजून कळेल का? आणि १९९४च्या 'द लायन किंग'मधला सिंबा अपराधाची बोच घेऊन वर्षानुवर्षं परागंदा राहतो, त्याला 'फेरल' म्हणायचं? मूळ इंग्रजीत पाळीव जनावर रानटी झालं की हा शब्द वापरतात. माणूसपण मनात असतं हो.

रेघोट्या:
सिंबाचं मन माणसाचं आणि अंग सिंहाचं, हे तुम्हीच सांगताय. मग दोन्ही एकाच पट्टीवर कसं मोजायचं? फेरल हा शब्द मलाही आवडत नाही, पण इथे तो फक्त अंगाबद्दल बोलतो.

सुगरण_पक्षी:
मराठीत सरळ 'चौपायी' म्हणूया की.

पाणकावळा:
आणि पोपट? तो जन्मतःच दोन पायांवर.

सुगरण_पक्षी:
खरंय, मागे घेते.

आडवाट:
रेघोट्यांशी सहमत. मध्य प्रदेशातल्या एरणचा वराह संपूर्ण डुक्कर आहे, चार पायांवर उभा, अंगभर बारीक मूर्ती कोरलेल्या, छातीवर हूण राजा तोरमाणाचा लेख. विदिशेजवळ उदयगिरीच्या ५ क्रमांकाच्या लेण्यात तोच वराह माणसाच्या धडाचा, तोंड तेवढं वराहाचं, आणि भूदेवीला दाताने उचलून धरलेली. देव एकच. तरी या दुसऱ्या रूपाला मूर्तिशास्त्रात 'नृवराह' असं वेगळं नाव आहे.

पाणकावळा:
ती तुलना मला पटत नाही. मूर्तीचं ध्यान, म्हणजे रूपाचं वर्णन, ठरलेलं असतं, शिल्पी त्याबरहुकूम घडवतो. इथे प्रत्येकाचं पात्र त्याच्या स्वतःच्या डोक्यातलं, कित्येकदा स्वतःचंच दुसरं रूप. त्याला आधी अवयव विचारणं मला कोरडं वाटतं.

फोमवाली:
मी फरसूट, म्हणजे अशा पात्रांचे अंगभर घालायचे पोशाख, शिवते, मला अवयवच विचारावे लागतात! चवड्यावर उभं असल्याचा भास हवा तर मांडीला आणि पोटरीच्या मागे फोम भरते. आतला माणूस मात्र सपाट पावलांनीच चालतो. बाजूने बघितलं तर झकास दिसतं, जिना उतरताना हाल. हे कापड कापण्याआधी कळायला हवं, टक्केवारीतून ते कळत नाही. केमोनोचंही तेच. मोठे डोळे, आखूड मुस्कट ही जपानी शैली कुणाला हवी असते, तर कुणी हाच शब्द लिहून नुसते कान मागतं.

पाणकावळा:
बरं, पाय-हात-मुस्कट मान्य. पण 'पात्र बोलतं का, विचार कसा करतं' ही ओळही हवी, आणि पहिली हवी.

रेघोट्या:
ओळ घालते, पण चौथी. पायांशिवाय मला कच्चं रेखाटनही सुरू करता येत नाही.

पाणकावळा:
मीही चित्रं काढतो. भुवई किती उचलायची, डोळ्यांत पांढरं किती दाखवायचं, हे त्या एका उत्तरावरून ठरवतो, आणि सुरुवात डोळ्यांपासूनच करतो. माझ्या अर्जात ती पहिलीच राहणार.