युरो फुटबॉल स्पर्धा एकाच देशात हवी की अनेक देशांत वाटून? चाहत्यांच्या बाजूने बोलू

ऱ्हाइनकाठ

नऊ वर्षं झाली, मी ड्युसेलडॉर्फला राहतो. २०२४ची युरो आमच्या अक्षरशः दारात आली होती. १० शहरं, ५१ सामने, आणि त्यातली ड्युसेलडॉर्फ, कोलोन, डॉर्टमुंड, गेल्सनकिर्शन ही चार शहरं आमच्याच पट्ट्यातली. मला तिकीट एकाच सामन्याचं मिळालं. १८ जून, डॉर्टमुंड, तुर्कस्तान विरुद्ध जॉर्जिया.

त्या दिवशी आभाळ फाटलं होतं. स्टेडियमच्या छतावरून पाण्याची धार थेट प्रेक्षकांवर कोसळत होती. माझ्या शेजारी एक जॉर्जियन गृहस्थ आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी. दोघांच्या डोक्यावर मिळून एकच झेंडा, तोही चिंब. मुलीच्या गालावरचा लाल क्रॉस ओघळून हनुवटीपर्यंत आला होता आणि ती दर पाच मिनिटांनी बाहीने पुसून बापाकडून परत काढून घेत होती. जॉर्जिया ३-१ हरला. शेवटच्या मिनिटांत त्यांचा फटका खांबाला लागला, गोलकीपरही पुढे गेलेला, आणि थोड्याच क्षणांत तुर्कस्तानने रिकाम्या जाळीत तिसरा गोल मारला. मुलगी रडली नाही. बापाने सांगितलं, आता हॅम्बुर्ग, मग गेल्सनकिर्शन. तिन्ही सामने, सगळा प्रवास ट्रेनने. सामन्याच्या तिकिटावर ३६ तासांचा स्थानिक प्रवास फुकट होता, तेवढाच त्यांच्या खिशाला आधार.

आता हे २०२१शी ताडून बघा. तेव्हा स्पर्धा वेगवेगळ्या देशांतल्या ११ शहरांत वाटली होती. स्वित्झर्लंडचे सामने कुठे? बाकू, रोम, परत बाकू, मग बुखारेस्ट, मग सेंट पीटर्सबर्ग. झुरिकहून बाकू तीन हजार किलोमीटरच्या वर. फ्रान्सला पेनल्टीवर हरवलेल्या त्या संघामागे जायचं तर नोकरी सोडावी लागली असती. तोच संघ २०२४मध्ये कोलोन, फ्रँकफर्ट, बर्लिन, ड्युसेलडॉर्फ असा खेळला.

माझं मत स्पष्ट आहे. युरो एका देशात व्हावी, फार तर शेजारच्या दोन-तीन देशांत, जिथे रात्रीची गाडी पकडून पुढच्या सामन्याला जाता येतं. वाटलेल्या स्पर्धेत सामने होतात, जत्रा होत नाही.

सायली, कोपनहेगन

दादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तुम्ही जर्मनीत राहता म्हणून हे मत सोपं वाटतं.

१२ जून २०२१ला मी पार्केन स्टेडियमच्या बाहेर होते. फिनलंडविरुद्धच्या सामन्यात आमचा क्रिस्तियान एरिक्सन हृदय बंद पडून मैदानात कोसळला तेव्हा आत आधी पूर्ण शांतता पसरली. मग फिनलंडचे लोक ‘क्रिस्तियान’ ओरडायला लागले आणि डॅनिश लोक ‘एरिक्सन’ म्हणून उत्तर द्यायला लागले. पाच दिवसांनी बेल्जियमच्या सामन्यात दहाव्या मिनिटाला खेळ थांबला, दोन्ही संघांनी आणि सगळ्या स्टेडियमने टाळ्या वाजवल्या. तो हरलेला सामना होता, तरी या शहरात लोक आजही त्याबद्दल बोलतात. हे सगळं आपल्या गावात झालं म्हणून त्याला अर्थ आला.

आता सांगा, डेन्मार्कला २४ संघांची युरो एकट्याने कधी मिळणार? एवढी मोठी मैदानं आणायची कुठून? एका देशाचा हट्ट धरला तर जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, इटली, स्पेन यांच्यातच पाळी फिरत राहील. बाकीच्यांनी जन्मभर पाहुणेच राहायचं का?

मंगळवार पेठ

सायलीताईंशी शंभर टक्के सहमत. आम्ही कोल्हापुरात बसून रात्री साडेबाराचे सामने बघणारी माणसं. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालीम संघांची मॅच असली की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. घरच्या मैदानाचा आवाज म्हणजे काय, ते आम्हाला वेगळं सांगायला नको.

बुडापेस्टला हंगेरी-फ्रान्स बघितला होता का कुणी? बाकी शहरांत कोविडमुळं निम्म्या किंवा त्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या, तिथं पुष्काश अरेना गच्च भरलेलं. हंगेरीनं पहिला गोल केला तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करावा लागला. जगज्जेत्या फ्रान्सला १-१वर रोखलं. तो सामना म्युनिकला झाला असता तर तसा झाला असता का?

कार्डिफकर

पेठेतल्या भावा, घरचा आवाज ज्यांना मिळतो त्यांना गोड लागतो. २०२१मध्ये इंग्लंडने सातपैकी सहा सामने घरच्या वेम्बलीवर खेळले. आमच्या वेल्सला काय मिळालं? बाकू, बाकू, रोम आणि बाद फेरीला ॲमस्टरडॅम, तेही डेन्मार्कशी. ब्रिटनमधून येणाऱ्यांना तेव्हा नेदरलँड्समध्ये प्रवेशच नव्हता, त्यामुळे वेल्सच्या चाहत्यांना घरीच बसावं लागलं. डॅनिश लोकांना मात्र येता आलं. ४-०ने हरलो. हरण्याचं दुःख नाही, ती एकतर्फी गर्दी अजून डोळ्यांसमोर येते.

सायली, कोपनहेगन

हे मान्य, तो अन्यायच होता. पण तो कोविडमुळे झाला. त्या एका वर्षावरून सगळी कल्पनाच बाद करू नका.

ऱ्हाइनकाठ

सायली, कोविड बाजूला ठेवला तरी बाकू जवळ येत नाही. युरोपीय फुटबॉल संघटना युएफाचे अध्यक्ष चेफेरिन यांनीच नंतर सांगितलं की अशा वाटून दिलेल्या स्पर्धेला आपण पुन्हा पाठिंबा देणार नाही. छोट्या देशांचं म्हणशील तर २०००मध्ये बेल्जियम-नेदरलँड्स होते, २००८मध्ये ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड. डेन्मार्कने स्वीडन आणि नॉर्वेबरोबर मागावी, मी पहिला टाळी वाजवीन.

निळी पिशवी

मी श्टुटगार्टला असते. एका देशात म्हणजे सगळं सोयीचं, असं समजू नका. एका रात्री सामन्यानंतर मी घरी पोचले पहाटे चारला. गाडी आधी उशिरा, मग रद्द. फलाटावर स्कॉटिश मंडळी गात होती म्हणून वेळ गेला, पण लहान मुलं घेऊन आलेल्या बायका जमिनीवर बसून होत्या. गेल्सनकिर्शनला इंग्लंड-सर्बियानंतर लोकांचे किती हाल झाले ते सगळ्यांनी वाचलंय. स्पर्धेचे संचालक फिलिप लामसुद्धा गाडीच्या उशिरामुळे एका सामन्याला वेळेवर पोचले नव्हते. देश एक असो की दोन, आधी गाड्या सुधारा.

कार्डिफकर

आता मुद्द्याचं. २०२८ची युरो आमच्याकडे आहे, उद्घाटनाचा सामना कार्डिफलाच. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड मिळून ९ मैदानं. संघ चार असले तरी ब्रिटन आणि आयर्लंड हे शेजारचे दोनच देश, म्हणजे ऱ्हाइनकाठ, तुझ्या व्याख्येत हे बसतं. भारतातून येणाऱ्यांसाठी सांगतो, ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त व्हिसा योजना आहे. पर्यटक व्हिसावर तसा शेरा मारलेला असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. फक्त ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं.

ऱ्हाइनकाठ

भारतीयांचं ठीक, आपल्याला व्हिसाची सवय आहे. मी त्या बापलेकीचा विचार करतोय. जॉर्जियन, तुर्की, अल्बेनियन. डॉर्टमुंड ज्यांनी भरलं ते हेच लोक. जॉर्जियन आणि अल्बेनियन माणूस जर्मनीत व्हिसाशिवाय आला, ब्रिटनमध्ये तिघांनाही व्हिसा लागतो. संघ पात्र ठरला तरी गट, शहर, तारीख कळेपर्यंत किती महिने उरणार? २०१८च्या विश्वचषकाला रशियाने तिकीटधारकांना फॅन आयडीवर व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता. ब्रिटनने तेवढं करावं, मग मी २०२८बद्दल एक शब्द बोलणार नाही.

सायली, कोपनहेगन

या मागणीला माझाही पाठिंबा. पण वाटलेल्या स्पर्धेबद्दलचं माझं मत तेच आहे.

मंगळवार पेठ

ऱ्हाइनकाठ दादा, एक राहिलंच की. २६ जूनला गेल्सनकिर्शनला जॉर्जियानं पोर्तुगालला २-० हरवलं. क्वारात्सखेलियानं दुसऱ्याच मिनिटाला गोल ठोकला होता. ती पोरगी दिसली का टीव्हीवर?

ऱ्हाइनकाठ

नाही दिसली. शेवटची शिट्टी झाल्यावर कॅमेरा गर्दीवरून फिरला तेव्हा मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. लाल क्रॉसवाले शेकडो गाल होते. त्या दिवशी पाऊस नव्हता, एकाचाही रंग ओघळला नव्हता.