सेक्टरांखालची गावं

विषय: सेक्टरांखालची गावं – नकाशाला हातभार हवा
प्रेषक: हरेश (डेल्फ्ट, सध्या घणसोली)

नमस्कार मंडळी,

सुट्टीवर घणसोलीला आलो आहे. हॉलंडमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला लेख देईन असं कबूल केलं होतं. त्याऐवजी एक नकाशा देतो आहे, आणि तो एकट्याने पुरा होणारा नाही म्हणून ही मेल.

काडास्टर या डच भूमापन खात्याचं टोपोटाइडराइस हे जुन्या नकाशांचं संकेतस्थळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. घराचा पत्ता टाकायचा आणि वर्षांची पट्टी मागे सरकवायची. मोटाररस्ते जातात, वस्त्या आटतात, १८१५ पर्यंत मागे गेलं की कुरणं आणि कालवे उरतात. डेल्फ्टमधल्या माझ्या भाड्याच्या घराखाली दोनशे वर्षांपूर्वी काय होतं ते मला मिनिटभरात कळतं. आमच्या आजोबांनी कसलेली शेतं कुठे होती, हे माझ्या मुलीला दाखवायला मात्र माझ्याकडे काहीच नाही. ते मला सोसवत नाही.

मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवावं हा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात मांडला. १७ मार्च १९७० रोजी ते उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन, या शहराच्या आखणीत आली. गावठाणं बहुतेक जागेवर राहिली. भोवतालची भातशेतं, मिठागरं, पायवाटा गेल्या. त्यांच्या जागी आकडे आले. सेक्टर ६ वाशीलाही आहे आणि नेरूळलाही, त्यामुळे नुसता आकडा पत्ता म्हणूनही पुरत नाही. जुनी नावं एकेका शेताची, एकेका वळणाची होती. ती कागदावर फारशी नाहीत, आमच्या बाबांच्या पिढीच्या तोंडी आहेत.

म्हणून संध्याकाळी टॅबलेट घेऊन देवळाच्या पारावर जाऊन बसतो. उपग्रहचित्र उघडलं की पहिल्यांदा कोणालाच काही ओळखू येत नाही, कारण उत्तर वर धरून गाव पाहायची सवय कोणालाच नाही. मग मी चित्र फिरवून वेस खालच्या बाजूला आणतो. तिथून बोट चालू लागतं. वेशीतून डावीकडे, मग तळं, मग बांध. अंतरं मीटरमध्ये कोणी सांगत नाही. उधाणाचं पाणी कुठवर यायचं, डोक्यावर भारा घेऊन कुठे टेकायचं, यावर जागा ठरते. दोघांत वाद झाला तर दोन्ही खुणा ठेवतो आणि तिसऱ्याला विचारतो.

या बांधांपाशी मी सर्वांत जास्त थांबलो. खार जमिनीत भात पिकवायचं तर समुद्राचं पाणी बाहेर ठेवावं लागतं. त्यासाठी मातीचा बांध आणि त्यात उघाडी: ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडणारी, भरतीला बंद होणारी. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं आणि पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत तिथे धड पीक यायचं नाही. बांध राखणं म्हणूनच एकट्यादुकट्याचं नव्हे, सगळ्या गावाचं काम होतं. आपण हॉलंडमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सिडकोने शहराची आखणी करताना जे धारण तलाव ठेवले त्यांचं कामही तेच: भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायचं, ओहोटीला दारांतून सोडायचं. जुने बांध, उघाड्या आणि आजचे धारण तलाव एकाच नकाशावर आणले तर जुलैत पाणी कुठे तुंबतं आणि का, हे विचारायला आपल्याकडे काहीतरी भक्कम असेल.

नकाशा मी यूमॅप या ऑनलाइन नकाशे करायच्या साधनावर सुरू केला आहे. थर सध्या असे: गावठाण, पाणी, मीठ, वाटा. प्रत्येक खुणेला नाव, साधारण काळ आणि सांगणाऱ्याच्या आवाजातली छोटी ध्वनिफीत. आवाजाचा माझा हट्ट आहे. ते नाव आगरी माणूस कसं उच्चारतो हे लिहून कळत नाही.

तुमच्यापैकी कोणाचं मूळ दिवाळे, सारसोळे, करावे, शिरवणे, तुर्भे, कोपरखैरणे, गोठिवली, ऐरोली यांतलं असेल तर घरच्या मोठ्यांना फोन करा.

हरेश

———

प्रेषक: सुमेधा (आइंडहोवन)

हरेशदादा, मनापासून आवडलं. माझं रोजचं काम नकाशांचंच आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

यूमॅप निवडलंत ते बरं केलंत. ते ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा जगाच्या खुल्या नकाशावर चालतं, खातं न उघडताही नकाशा करता येतो. मात्र खातं नसेल तर संपादनाची गुप्त लिंक हीच किल्ली असते. ती हरवली तर स्वतःचाच नकाशा बदलता येत नाही, तेव्हा ती समितीच्या दोघांकडे तरी ठेवा. गूगल माय मॅप्स पुष्कळांच्या हातात बसलेलं आहे, पण त्यात दहाच थर मिळतात आणि खुणेला फोटो किंवा यूट्यूब जोडता येतं, नुसती ध्वनिफीत नाही. यूमॅपच्या खिडकीत बाहेरचा प्लेयर बसवता येतो. दर महिन्याला सगळा नकाशा केएमएल (खुणा साठवायचा एक प्रकार) फाइल म्हणून उतरवून ठेवा. तीच फाइल ऑर्गॅनिक मॅप्स या ॲपमध्ये टाकली की नेट नसतानाही खुणा फोनवर दिसतात. गावात फिरताना याचा फार उपयोग होईल.

जुना नकाशा खाली अंथरायचा असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराची भारताच्या नकाशांची मालिका स्कॅन करून ठेवली आहे. १९५०च्या दशकातली, एकास अडीच लाख प्रमाणाची, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. त्यात शेत दिसणार नाही, पण शहराआधीचा किनारा आणि गावांची मांडणी दिसते. मॅप वॉर्पर या संकेतस्थळावर तो नकाशा चढवायचा आणि दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू जोडायचे, की तो आजच्या नकाशावर बसतो. हे बिंदू निवडताना किनाऱ्यावर अजिबात विसंबू नका. तिथे भराव पडले आहेत, खारफुटी वाढली आहे. पारसिकच्या डोंगराचं टोक, कळवा-ठाण्याकडचा रेल्वेपूल, बेलापूरचा किल्ला अशा न हललेल्या जागा घ्या, आणि त्या चारही कोपऱ्यांत विखुरलेल्या असू द्या. सगळे बिंदू एकाच बाजूला घेतले तर दुसरी बाजू भलतीकडे ताणली जाते.

परवान्याचंही सांगून ठेवते. गूगलच्या चित्रावरून रेघा गिरवून त्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टाकायला परवानगी नाही. मूळ ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आज जमिनीवर जे आहे तेवढंच भरायचं असतं. बुजवलेलं तळं तिथे घालू नका. ते तुमच्या यूमॅपवर किंवा ओपनहिस्टॉरिकलमॅपवर, जिथे प्रत्येक गोष्टीला सुरुवातीचं आणि शेवटचं साल देता येतं. आज उभ्या असलेल्या देवळांची, आळ्यांची, तळ्यांची मराठी नावं मात्र मूळ नकाशात जरूर भरा. त्यासाठी वेगळा रकाना आहे आणि तो आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे.

२०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले होते. रेघ कुठूनही काढता येते. नाव मात्र तिथलाच माणूस देऊ शकतो. म्हणून पारावरचं काम तुम्ही करा, रेघांचं आम्ही इथून करतो.

सुमेधा

———

प्रेषक: मृणाल (आम्स्टेलवेन)

सगळ्यांना नमस्कार.

माझे आई-बाबा नेरूळला दोघंच असतात. हरेशचा नकाशा इतिहासाचा आहे हे समजलं, तरी विचारते: त्यात एक थर ज्येष्ठांसाठी होईल का? आईचे गुडघे गेले आहेत. वाटेत बसायला बाकडं कुठे आहे, उघडं आणि स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, कोणत्या दुकानाला पायऱ्या नाहीत, एवढं माहीत नसल्यामुळे ती घराबाहेर पडेनाशी झाली आहे.

शिवाय आपल्या मंडळातल्या कितीतरी जणांचे आई-वडील वाशी, नेरूळ, खारघरला एकटे राहतात. त्यांची घरं नकाशावर दाखवली तर ते एकमेकांकडे जाऊ शकतील, अडीनडीला कळेल.

मृणाल

———

प्रेषक: शुभदा (द हेग)

मृणाल, तुझी काळजी मला आतून कळते, मीही त्यातून गेले आहे. पण घरांची खूण अजिबात नको. ज्याच्याकडे लिंक आहे त्या प्रत्येकाला म्हातारी माणसं कुठे एकटी राहतात याची तयार यादी मिळेल. लिंक आज आपल्या यादीत आहे, उद्या कोणत्या ग्रुपवर असेल हे आपल्या हातात नाही. ही माहिती ज्येष्ठांनी स्वतः दिली तरी ती नकाशावर नको. त्यासाठी आपण आपापसांत फोन नंबर देऊ. माझ्या ठाण्यातल्या दोन मैत्रिणी तुझ्या आईकडे आनंदाने जातील. मी तुला वेगळी मेल करते.

बाकड्यांचा थर मात्र झालाच पाहिजे, आणि तो यूमॅपवर अडकवून ठेवू नका, मूळ ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जाऊ दे. बर्लिनहून २०१० मध्ये सुरू झालेला व्हीलमॅप हा नकाशा याच माहितीवर चालतो: चाकाची खुर्ची आत जाते ती जागा हिरवी, अर्धवट जाते ती पिवळी, जात नाही ती लाल. आपण नेरूळच्या उद्यानांची, दवाखान्यांची माहिती भरली तर ती तुझ्या आईलाच नव्हे, तिथल्या सगळ्यांना मिळेल. तुझ्या बाबांना चालायला जमतं ना? ते रोज फिरायला जातात त्या वाटेपासूनच सुरुवात कर. त्यांच्यावर एक काम सोपवलं की त्यांनाही बरं वाटेल.

हरेश, तुझ्या नकाशालाही हाच नियम लाव. सांगणाऱ्याचं घर दाखवू नकोस. आवाज घेण्याआधी विचार, आणि घेतलेला आवाज त्यांना ऐकवूनच चढव.

शुभदाकाकू

———

प्रेषक: राहुल (मराठी शाळा)

शाळेतली बरीच मुलं डिसेंबरच्या सुट्टीत तिकडे जाणार आहेत. दर वर्षी त्यांना "आजोळी काय केलं" असा निबंध देतो आणि सगळ्यांचे निबंध मॉलमध्ये जाऊन संपतात. या वेळी निबंधाऐवजी प्रत्येकाने नकाशावर एक खूण भरायची असं ठरवतो आहे. आजी-आजोबांना प्रश्न विचारायचे, ते ज्या जागेविषयी बोलतील तिथे त्यांच्यासोबत जायचं, आणि तिथलं आज काय आहे ते चार ओळींत मराठीत लिहायचं. ठाण्याच्या मुलांसाठी तळ्यांचा वेगळा थर असावा असं वाटतं. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, रायलादेवी ही आहेत. बुजलेली कोणती ते आजोबाच सांगतील.

जाण्याआधी वर्गात गूगल अर्थवरचं टाइमलॅप्स, म्हणजे वर्षावर्षाच्या उपग्रहचित्रांची चित्रफीत, दाखवणार आहे. ते १९८४ पासून सुरू होतं. लँडसॅट उपग्रहांची चित्रं असल्यामुळे एक ठिपका ३० मीटरचा, त्यात एखादा बांध दिसत नाही, पण खारघर-कळंबोलीकडे शहर कसं पसरत गेलं ते मुलांना दिसेल. योगायोगाने ते साल उरणजवळच्या जासईच्या शेतकरी आंदोलनाचं आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढताना पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मोठ्या मुलांना हे सांगणार आहे. त्यांची घरं कोणाच्या शेतावर उभी आहेत हे त्यांना ठाऊक असायला हवं.

पाखरांचाही थर करू. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. डिसेंबरात फ्लेमिंगो दिसतील. घरट्यांची जागा मात्र कोणी भरायची नाही. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळही धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा झाकूनच ठेवतं.

राहुल

———

प्रेषक: हरेश

शुभदाकाकू, नियम मान्य. बाबांना वाचून दाखवला, त्यांनाही पटला.

सुमेधा, तू सांगितलेले बिंदू वाचून मी किल्ला आणि डोंगरावर खुणा केल्या. त्या जुन्या नकाशाशी जोडून बघ. मृणाल, तुझ्या बाबांशी काल फोनवर बोललो. ते सारसोळेच्या जेट्टीपर्यंतची वाट चालून बाकडी भरणार आहेत, आणि तिथल्या कोळी मंडळींशी बोलून खाडीतल्या जागांची नावंही विचारणार आहेत.

राहुल, पाचवीच्या पुढच्या मुलांना घणसोलीला घेऊन ये. पारावरची मंडळी वाट पाहतील.

एका गोष्टीची घाई आहे. आमचं गावठाण निदान उभं आहे. शेत सांगणाऱ्याला सुरुवात करायला वेस आहे. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावठाणं पूर्ण उठली. तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा ही त्यांतली. उलव्याची टेकडी सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, म्हणजे बोट ठेवायला डोंगर आणि पाणीही जागेवर नाही. गूगल अर्थच्या जुन्या चित्रांत घरं, देवळं, झाडं अजून दिसतात. त्या चित्रांसमोर बसून आळीआळीने नावं सांगू शकतील अशी माणसं आता पुनर्वसनाच्या वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली आहेत. माझ्या मते घणसोली थांबू शकते, हा थर आधी व्हायला हवा. मी इथे आहे तोवर पनवेल-उलव्याकडे जाऊन बसायला तयार आहे.

यादीवर त्या गावांपैकी कोणाचं माहेर, आजोळ, सासर असेल तर मला एकट्याला मेल करा. कोणाला भेटायचं आणि कोणत्या वेळी गेलं तर बरं, एवढं कळलं तरी पुरे.

हरेश