मदत हवी आहे: सिटी विजेचे दर बदलतेय, हिअरिंगमध्ये ३ मिनिटांत काय बोलू?

अर्धीझोप

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये, आधीच सॉरी.

मी नॉर्दर्न कॅलिफोर्नियात एका मध्यम आकाराच्या शहरात राहते, नाव नको कारण ऑफिसातले दोघंतिघं इथे वाचतात. आमच्याकडे वीज मोठ्या खाजगी कंपनीची नाही, सिटीची स्वतःची आहे, म्हणजे खांब तारा मीटर सगळं सिटीचं आणि दर ठरवणार सिटी कौन्सिल. इतकी वर्षं मला याचा जरा माजच होता, पलीकडच्या गावातल्या मैत्रिणीने बिल दाखवलं की मनातल्या मनात हसायचे (भोगा आता). तर आता कौन्सिलपुढे नवीन दर आणि नवीन फीया असा प्रस्ताव आलाय आणि मंगळवारी त्यावर हिअरिंग आहे.

थोडक्यात असं की स्थिर आकार, म्हणजे एकही युनिट न जाळता भरायचा तो, महिना ९ डॉलरचा २१ होणार. आत्ता पहिली ३०० युनिटं १४ सेंटने आणि त्यावरची १८ सेंटने असे दोन टप्पे आहेत, ते काढून सरसकट साडेचौदा सेंट. वीज तोडली तर परत जोडायची फी ४० ची ८५. सिटी स्टाफच्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलंय की सरासरी घराचं बिल ६.४ टक्के वाढेल, मी म्हटलं ठीक आहे बाबा, महागाई आहे. मग स्वतःचं बिल घेऊन बसले. मी वन बेडरूममध्ये एकटी, महिन्याला २४० युनिट. आत्ता ४२.६० येतं, नवीन हिशोबाने ५५.८०. म्हणजे ३१ टक्के!! तीनदा केलं गणित, मला वाटलं मीच कुठेतरी माती खाल्ली.

माझ्या खाली एक आजी राहतात (देशी नाहीत, पण मी आजीच म्हणते). त्या दर १ तारखेला मीटरचा आकडा जुन्या पाकिटाच्या मागे लिहून फ्रिजवर मॅग्नेटखाली लावतात, आणि मायक्रोवेव्हवरचं घड्याळ उगाच वीज खातं म्हणून वापर झाला की प्लग काढून ठेवतात. १५० युनिटच्या वर कधी गेल्या नाहीत. त्यांचे ३० डॉलरचे ४२.७५ होणार. त्यांनी मला विचारलं की मी अजून काय बंद करू, आणि मला उत्तरच देता येईना, कारण बंद करण्यासारखं काही उरलेलंच नाही आणि बंद करून वाढ टळणारही नाही.

तर मी बोलायचं ठरवलंय. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं नाही कधी, त्यामुळे पोटात आत्तापासून गोळा आलाय. प्रश्न असे की ६.४ आणि ३१ दोन्ही खरं कसं असू शकतं? दुसरं म्हणजे मागे पाण्याचे दर वाढले तेव्हा घरी नोटीस आली होती, विरोध असेल तर लेखी कळवा म्हणून, विजेच्या वेळी तसलं काहीच आलं नाही, हे चालतं का? आणि रिपोर्टमागे १४० पानांचा 'कॉस्ट ऑफ सर्व्हिस स्टडी' (कुठल्या ग्राहकावर किती खर्च होतो याचा हिशोब) जोडलाय, तो कुठून वाचू?

सरळरेषा

दोन्ही खरं आहे आणि त्यातच ग्यानबाची मेख आहे. सरासरी घर त्यांनी किती युनिटचं धरलंय बघा. तुमच्याच आकड्यांनी ५२० युनिट धरले तर आत्ता ९०.६०, नवीन ९६.४०, वाढ बरोब्बर ६.४ टक्के. आता १२०० युनिट जाळणारं घर घ्या, आत्ता २१३, नवीन १९५. त्यांचं बिल कमी होतंय! तोडीचा आकडा ६८६ युनिट येतो, त्याच्या खालच्या सगळ्यांना वाढ आणि वरच्या सगळ्यांना सूट. ही नुसती दरवाढ नाहीये, ओझं इकडून तिकडे सरकवलंय. तुमच्या ३ मिनिटांतलं पहिलं मिनिट एवढ्यावरच घालवा. आणि विचारा की ६८६ च्या खाली किती घरं आहेत, बिलं त्यांच्याकडेच आहेत, आकडा अर्ध्या तासात निघतो.

गोंधळी

मी असतो तर आजींनाच नेलं असतं, पाकिटासकट.

मीटरवाला

ताई, मी दुसऱ्या एका सिटीच्या वीज खात्यात दर ठरवण्याच्याच टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे थोडं पलीकडच्या बाजूनेही बोलतो, राग मानू नका.

आधी हे समजून घ्या की सिटीचा बराचसा खर्च खरोखरच युनिटवर अवलंबून नसतो. खांब, सबस्टेशन, लाईनमनचे पगार, बाँडचे हप्ते, तुम्ही दिवा लावा न लावा, ते आहेतच. त्यात २०२० नंतर ट्रान्सफॉर्मरच्या किमती कुठल्या कुठे गेल्या आणि ऑर्डर दिली तरी माल वेळेत मिळेना, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि छपरावर सोलर लावलेल्या घराचं निव्वळ बिल शून्याजवळ येतं पण रात्री तार तीच वापरतात, ती तार कोणी पोसायची हा प्रश्न खोटा नाही. स्थिर आणि वापरानुसार असे दोन भाग करायची कल्पना १८९२ साली हॉपकिन्सन नावाच्या इंजिनिअरने मांडली, तेव्हापासून हेच भांडण चालू आहे.

आता स्टडी. १४० पानं वाचू नका. खर्चाचे तीन ढीग केलेले असतात: डिमांड (एकाच वेळी जास्तीत जास्त किती वीज लागते त्याचा), एनर्जी (जाळलेल्या युनिटांचा) आणि कस्टमर (नुसता ग्राहक जोडलेला असण्याचा). यातला 'कस्टमर' ढीग भागिले ग्राहकसंख्या म्हणजे तुमचा २१ डॉलर. त्यामुळे फक्त ते एक पान शोधा आणि बघा त्या ढिगात काय काय टाकलंय. मीटर, घरापर्यंतची तार, बिलिंग आणि फोन उचलणारी माणसं एवढंच असेल तर आकडा सहसा लहान येतो. पण एक पद्धत आहे 'मिनिमम सिस्टिम' नावाची, त्यात म्हणतात की कोणी काहीच वापरलं नाही तरी किमान जाडीची तार आणि किमान साईझचा ट्रान्सफॉर्मर टाकावाच लागला असता, म्हणून खांब-तारांचा मोठा हिस्सा पण कस्टमर ढिगात लोटतात. दोन्ही पद्धती चालतात, दोन्हींना पुस्तकी आधार आहे, पण निवड कन्सल्टंटने केलेली असते आणि कौन्सिलला ती निवड म्हणून कोणी सांगतच नाही, गणित म्हणून सांगतात. तुम्ही विचारा, "मिनिमम सिस्टिम न वापरता हा आकडा किती येतो?" स्टाफकडे उत्तर नसेल तर खोलीत जी शांतता पसरेल ना, ती मी अनुभवलीय, टेबलाच्या चुकीच्या बाजूने.

अजून एक. तुम्ही अपार्टमेंटमध्ये आहात. तुमच्या बिल्डिंगला एकच सर्व्हिस लाईन येते आणि मग भिंतीवर ओळीने मीटर, बरोबर? मग ती तार, तो ट्रान्सफॉर्मर सगळ्यांत वाटला जातो, दर घरामागे खर्च बंगल्यापेक्षा कमी. बरबँकला सिटीचीच वीज आहे, तिथे यासाठी सर्व्हिसच्या साईझप्रमाणे वेगळा आकार आहे, एका लाईनवर दोन किंवा जास्त मीटर असतील तर सगळ्यात छोटा. हे मागा. 'वाढवू नका' म्हणणारे चाळीस जण येतात, 'असं करा' म्हणणारा एखादाच, आणि कौन्सिलवाले पेन त्याच्यासाठी उचलतात.

कोकणकडा

नोटिशीबद्दल. पाणी, सांडपाणी, कचरा याला १९९६ चा प्रॉप २१८ (म्हणजे प्रपोझिशन, राज्यातल्या मतदारांनी मतदानाने केलेला कायदा) लागतो, म्हणून घरोघरी नोटीस आणि ४५ दिवस, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी लेखी विरोध केला तर वाढ रद्द. विजेला त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलंय. त्यामुळे नोटीस नाही आली हा मुद्दा मांडू नका, सिटी अटर्नी एका वाक्यात उडवून लावेल आणि तुमची दीड मिनिटं गेली.

विजेला लागतो २०१० चा प्रॉप २६. सेवेच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त घेतलं तर तो टॅक्स, आणि टॅक्सला मतदारांची मंजुरी. इथेच तुमची ८५ डॉलरची फी पकडा. तुमच्याकडे स्मार्ट मीटर आहेत का? असतील तर आता जोडणी ऑफिसातून बटण दाबून होते, ट्रक येत नाही, माणूस येत नाही. मग खर्च ४० वरून खाली यायला हवा तो दुप्पट कसा झाला? त्या फीचं वर्कशीट पब्लिक रेकॉर्ड म्हणून मागा, अर्ज केला की १० दिवसांत कळवावं लागतं त्यांना.

आणि कोणीतरी नक्की सांगेल की सिटी विजेचा पैसा जनरल फंडात (सिटीच्या सर्वसाधारण तिजोरीत) वळवते त्यावर बोला. त्या फंदात पडू नका. कॅलिफोर्नियातल्याच रेडिंग शहराच्या केसमध्ये २०१८ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सिटीच्या बाजूने निकाल दिला, कारण त्यांच्याकडे दर सोडून दुसरं उत्पन्न होतं ज्यातून ती रक्कम भागत होती.

सरळरेषा

@मीटरवाला काका, सोलरचा मुद्दा मान्य, पण मग सोलरवाल्यांचा वेगळा विचार करा ना, आजींनी काय घोडं मारलंय. खाजगी वीज कंपन्यांचे दर ठरवणाऱ्या राज्याच्या कमिशनने २०२४ च्या मे मध्ये तीन मोठ्या खाजगी कंपन्यांना २४.१५ डॉलर स्थिर आकार मंजूर केला तेव्हा दर युनिटमागे ५ ते ७ सेंट कमी करायला लावले आणि कमी उत्पन्नवाल्यांना ६ किंवा १२ च ठेवला. सिटीच्या कंपनीला तो निर्णय लागू नाही हे माहितीये, पण तुलना तर करता येते. इथे आजींच्या दरात कपात सोडा, अर्धा सेंट वाढच आहे.

मीटरवाला

बरोबर आहे तुमचं. टेक्सासमधल्या ऑस्टिनलाही, तिथेही सिटीचीच वीज आहे, २०२२ मध्ये स्थिर आकार १० डॉलरचा २५ मागितला होता, कौन्सिलने आधी १३ वर आणून ठेवलं आणि पुढची वाढ टप्प्याने. मागितलेला आकडा आणि मंजूर झालेला आकडा यात अंतर पडतं, फक्त कोणीतरी मांडून दाखवावं लागतं.

अर्धीझोप

तुम्हा सगळ्यांना साष्टांग. ते पान सापडलं, ८७ वं आहे, आणि काका, 'मिनिमम सिस्टिम' हे शब्द तिथे तळटीपेत बारीक अक्षरात आहेत. मला अक्षरशः अंगावर काटा आला. आमच्या बिल्डिंगमागे जाऊन मीटर मोजले, एका लाईनवर १६. फोटो काढला. मॅनेजरला वाटलं मी काहीतरी चोरतेय.

अर्धीझोप (अपडेट, बुधवार)

झालं एकदाचं. आमचा विषय रात्री पावणेअकराला आला, तोवर पिकलबॉलच्या कोर्टावर दीड तास चर्चा, खोटं नाही सांगत. आणि तीन मिनिटांची दोन केली, गर्दी फार म्हणून. मी ६८६ सांगितलं, १६ मीटरचा फोटो दाखवला, ८७ व्या पानाचा प्रश्न विचारला आणि घंटा वाजली, फीचं राहिलंच. पण माझ्यामागे आजी उभ्या राहिल्या, वॉकर घेऊन, आणि त्यांनी नुसतं विचारलं की माझी वीज कधी तुटली तर जोडायला कोण येणार आहे, त्याला मी चहा देईन. त्यावर स्टाफला मान्य करावं लागलं की कोणी येत नाही.

स्थिर आकार आणि टप्पे पुढच्या महिन्यावर ढकललेत, स्टाफने अपार्टमेंटचा वेगळा आकडा आणि मिनिमम सिस्टिमशिवायचा आकडा आणायचा. जोडणीची फी ४० च राहिली. बाकीच्या फीया मात्र मंजूर झाल्या, त्यात चेक परत आल्याची पण आहे, आणि आजी चेकनेच भरतात, पण त्यांचा चेक कधी परत जाणार नाही हे मी लिहून देते.

आता पुढचा प्रश्न: एका कौन्सिल मेंबरने नंतर बाहेर गाठून विचारलं की अपार्टमेंटचा आकार कमी केला तर ती तूट बंगलेवाल्यांकडून घ्यायची का, तुमचं म्हणणं काय? मी त्याच्याकडे बघतच राहिले. काका, याला काय सांगू? महिना आहे हातात.